स्फटिकात बसलेला दादा

क्वान-लिनदादाला जाऊन दोन वर्षं होत आली होती, तरी प्रयोगशाळेत सगळ्यांत वक्तशीर तोच होता. रोज सकाळी आमच्याआधी येऊन बसलेला असायचा.

मायक्रोस्कोपवरून कळायचं. आमचा मायक्रोस्कोप दोन डोळ्यांनी बघायचा आहे. बघणाऱ्याच्या डोळ्यांत जेवढं अंतर, तेवढ्या त्याच्या नळ्या सरकवून घ्याव्या लागतात. दादाचा चेहरा अरुंद, डोळे नाकाला खेटून. माझं तोंड, माझ्या आईच्या शब्दांत, वाफवलेल्या पावासारखं. संध्याकाळी मी नळ्या माझ्या मापाला लावून घरी जायचो आणि सकाळी त्या एकमेकींजवळ आलेल्या असायच्या. स्टूलही खाली गेलेलं.

"स्प्रिंग सैल झाली असेल," पेइ-रोंगताई म्हणाली.

"नळ्यांची की स्टुलाची?"

"दोघांची. तू काम कर."

ताई पीएचडीच्या सातव्या वर्षात होती. तिथवर पोचलेला माणूस कशालाच घाबरत नाही.

आमच्या वंग सरांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. फक्त पंचांगाच्या सातव्या महिन्यात पाताळाची दारं उघडून गेलेली माणसं महिनाभर बाहेर येतात, आणि इमारतीसमोर त्यांच्यासाठी नैवेद्याची टेबलं मांडतात तेव्हा पहिली उदबत्ती त्यांनाच लावायची असायची, आणि त्या महिनाभर 'भूत' हा शब्द ते कुणाला उच्चारू देत नसत. 'भाऊमंडळी' म्हणायचं. "विश्वासाचा प्रश्न नाही," ते सांगायचे. "हेल्मेटसारखं आहे. घालून ठेवलेलं बरं."

यंत्रांवर हिरवी पाकिटं तर होतीच. नारळाच्या चवीच्या मक्याच्या कुरकुऱ्या, ज्यांचं नावच मुळी 'शहाण्यासारखं वाग' असं आहे. पाकीट यंत्रावर ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. हिरवंच हवं. फोडायचं नाही, तारीख उलटू द्यायची नाही. वर मार्करने यंत्राला दोन शब्द लिहायचे. ताईने पंपावरच्या पाकिटावर लिहिलं होतं, 'माझ्या पदवीपर्यंत टिक, मग मेलास तरी चालेल.'

मायक्रोस्कोपखाली स्फटिक तापवायची चकती आहे आणि बाजूला तिचं तापमान सांभाळणारा डबा. त्या डब्यावर दादाचं पाकीट होतं. तो गेला त्या सकाळी त्याने स्फटिक चकतीवर ठेवला, पाकिटावर लिहिलं, 'मी येईपर्यंत आहे तसंच ठेव,' आणि आमच्या सगळ्यांसाठी अंड्याची धिरडी आणायला स्कूटर काढली. चौकात खडीचा ट्रक होता.

पाकिटाची तारीख कधीच उलटली. ते उचलायचा धीर कुणालाही झाला नाही. मी नवीन पाकीट आणून शेजारी ठेवलं, 'आता माझं ऐक' असं लिहून. एका डब्याला दोन साहेब झाले. डबा जुन्याचंच ऐकत राहिला.

स्फटिकही दादानेच वाढवलेला. बेरियम टायटॅनेट, चिमूटभर लोखंड घातलेलं, नखाएवढा तुकडा, रंग मधासारखा. तसा पुन्हा कुणाला जमला नाही. माझ्या भट्टीतून जे निघालं ते हातात घेऊन वंग सर म्हणाले, "दार अडकवायला चांगलं आहे." त्यामुळे दादाचा विषय, दादाचं स्टूल आणि दादाचा स्फटिक असा सगळा वारसा माझ्याकडे आला.

प्रबंध असा: या स्फटिकात पट्टे असतात. एकशेवीस अंशांच्या आसपास तापवला की ते जातात, आणि थंड करताना नवे येतात. ते नवे पट्टे कसे जन्माला येतात ते मी बघायचं होतं. अडचण एवढीच, की आमच्या स्फटिकाला नवे पट्टे ठाऊकच नव्हते. तापवला की मायक्रोस्कोपखाली काळोख व्हायचा. थंड होऊ लागला की त्या काळोखातून तेच पट्टे वर यायचे, उभे, आणि डाव्या कोपऱ्यात एक तिरका, दात वाकलेल्या कंगव्यासारखे. व्होल्टेज लावलं की हलायचे, काढलं की आपापल्या जागी येऊन बसायचे, देवळासमोर पट खेळणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे. दादाने शेवटच्या सकाळी काढलेला फोटो संगणकात होता. मी माझे फोटो त्यावर ठेवून बघायचो. एकावर एक ठेवले की एकच फोटो दिसायचा.

सातवा महिना संपत आला होता तेव्हा दादाची आई आली. डोंगरापलीकडच्या ताइमालीहून, आगगाडीने, हातात सीताफळांची पेटी आणि काखेत काळी छत्री.

"जेवलास का?" त्यांनी मला विचारलं.

"काकू, आत्ता कुठे सकाळ होतेय."

"म्हणजे नाही." त्यांनी सीताफळं काढून एकेकाच्या हातात ठेवली. "क्वान-लिनचा जीव होता यांच्यावर. पण आकार बुद्धाच्या डोक्यासारखा, नैवेद्याला ठेवता येत नाही. तुम्ही खा. तो बघेल."

वंग सरांनी अर्धं सोललेलं सीताफळ हळूच टेबलावर ठेवलं.

"मी त्याला न्यायला आलेय," काकू म्हणाल्या.

पंप तेवढा घरघरत होता.

मग त्यांनी सगळं सांगितलं, भाजीवाल्याची तक्रार सांगावी तशा सुरात. दादा गेला तेव्हा चौकात भटजी नेऊन त्याला हाक मारली होती. कौल लावला, नाही आला. पुन्हा लावला, नाही. घरी देव्हाऱ्यापाशी रोज संध्याकाळी विचारतात, आलास का रे? नाही. "सासऱ्यांना विचारलं, त्यांच्याकडेही नाही. ते कधी खोटं बोलायचे नाहीत, जिवंत असतानाही. चौकात नाही, घरी नाही, आजोबांकडे नाही. मग इथंच असणार. नाहीतरी सुट्टीला कधी घरी यायचा?"

"कामात असायचा, काकू," ताई म्हणाली.

"उद्या महिना संपतो. दारं लागतात. गेल्या वर्षी लागली तेव्हाही हा बाहेरच. बाहेर राहिलेल्याला कोण वाढतं बाई? दुसऱ्यांच्या नैवेद्याच्या कडेला उभं राहायचं. माझा मुलगा आहे तो. आणि माझे गुडघे पुढच्या वर्षी डोंगर ओलांडू देतील असं दिसत नाही."

त्यांनी पिशवीतून कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी काढल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर हो. दोन्ही पालथ्या तर नाही. दोन्ही उताण्या पडल्या तर वरचा हसतोय, नीट विचारा. खरं उत्तर सलग तीनदा यावं लागतं.

"क्वान-लिन, इथं आहेस?"

हो. हो. हो.

ताईने पाय उचलून स्टुलाच्या दांडीवर ठेवले.

"तीन म्हणजे नमुना फार लहान आहे," वंग सर म्हणाले, आणि हात जोडून उभे राहिले.

कौल हो आणि नाही एवढंच बोलतो, त्यामुळे एकेक वस्तू घेत जावं लागलं. भट्टी? नाही. पंप? नाही. ताईचा खण? दोन्ही चंद्रकोरी उताण्या पडल्या.

"हसतोय," काकू म्हणाल्या. "काय आहे खणात?"

"पुढे चला, काकू," ताई म्हणाली.

मायक्रोस्कोप? हो. हो. हो.

मी काकूंना रोज सकाळी सरकणाऱ्या नळ्यांचं सांगितलं आणि स्टुलावर बसवलं. नळ्या सरकवायला हात पुढे केला, पण गरज पडली नाही. त्यांचा चेहरा दादासारखाच अरुंद होता. मी चकती तापवायला लावली.

"पट्टे दिसतात," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात एक वाकडा. भांग पाडायचा तेव्हा असाच एक केसांचा झुपका..." मग त्या थांबल्या. "गेले. काळोख झाला. कुठे गेले रे?"

"काकू, असं समजा, आत खोल्याच खोल्या आहेत, वसतिगृहासारख्या. आठ कोपऱ्यांत बेरियम, सहा भिंतींच्या मधोमध ऑक्सिजन, आणि खोलीच्या मध्ये एकटा टायटॅनियम. उकडत असतं तेव्हा तो मध्येच तळमळत असतो, त्याला सगळ्या भिंती सारख्या. तेव्हा काळोख दिसतो. थंडी पडली की एका भिंतीला जाऊन टेकतो. शेजारच्या खोलीतला बघतो, तोही त्याच भिंतीला टेकतो. मग त्याचा शेजारी. सगळी ओळ एकाच बाजूला टेकली की झाला एक पट्टा."

"आणि कुठल्या भिंतीला टेकायचं ते कोण ठरवतं?"

"कुणीच नाही. सहा सारख्याच असतात. दर वेळी वेगळी निघायला हवी." मी चकती थंड करत आणली. "आता बघा."

काकूंचा हात टेबलावर होता आणि बोटं हळूहळू मिटत गेली.

"तोच," त्या म्हणाल्या. "वाकड्यासकट."

"काही खोल्यांत एखाद्या भिंतीतला ऑक्सिजन नसतो. भोक असतं. ही भोकं फार संथ. स्फटिक महिनोन्‌महिने एकाच स्थितीत राहिला की तीही टायटॅनियमच्या कलाने सरकून बसतात. मग थोडा वेळ तापवून काही होत नाही. टायटॅनियम सगळं विसरतो, पण भोकं विसरत नाहीत. थंडी पडली की तीच त्याला सांगतात, तुझी भिंत ही."

"म्हणजे जे नाही, तेच त्याला धरून ठेवतं," काकू म्हणाल्या.

हे वाक्य मी पुढे प्रबंधाच्या पहिल्या पानावर घालणार होतो. वंग सरांनी संदर्भ मागितला.

काकूंनी पुन्हा चंद्रकोरी उचलल्या. "क्वान-लिन, घरी चल." नाही. "आई आलेय रे, चल." नाही. तिसऱ्यांदा त्यांनी टाकल्या तेव्हा एक घरंगळत टेबलाखाली, त्या डब्याच्या वायरपाशी जाऊन पालथी पडली. ती काढायला काकू वाकल्या, उठताना त्यांचं डोकं डब्याच्या पातळीला आलं आणि पाकीट दिसलं.

"हे त्याचं अक्षर."

आम्ही सगळ्यांनी ते दोन वर्षं रोज वाचलं होतं.

"मी येईपर्यंत आहे तसंच ठेव," काकूंनी मोठ्याने वाचलं. "अरे, मग हा आला तर आहे. रोज येतोय, तुम्हीच म्हणता. पण यंत्राला कुणी सांगितलं का, तो आला म्हणून?"

वंग सरांनी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे. आमच्यात मिळून एकोणीस शोधनिबंध होते. हे कुणाला सुचलं नव्हतं.

काकूंनी डब्यावर हात ठेवला, गुरावर ठेवावा तसा. "तो आलाय बरं. आता सोड." मग पाकीट उचललं, त्यावरची धूळ बाहीने पुसली, आणि फोडलं.

"काकू, तारीख उलटलीय," ताई म्हणाली.

"मुलाने ठेवलेलं आहे. टाकू कसं?"

त्या दादाच्या स्टुलावर बसल्या आणि एकेक कुरकुरी खाऊ लागल्या. कुरकुर असा आवाज येत नव्हता. आम्ही तिघं उभे होतो. मध्येच त्या म्हणाल्या, "मऊ पडल्यात," आणि पुढची घेतली. कुणालाही देऊ केली नाही. शेवटी पाकीट उलटं करून चुरा तळहातावर घेतला, तो खाल्ला, आणि रिकाम्या पाकिटाची घडी करून पिशवीत ठेवली.

"आता कर काय करायचं ते," त्या मला म्हणाल्या.

करायचं ते सोपं होतं आणि म्हणूनच आजवर कुणी केलं नव्हतं. दोनशेच्या वर नेऊन स्फटिक तिथंच ठेवायचा, भोकं विखरेपर्यंत. पण थंड करताना खोल्यांचा आकार बदलतो; रोज जुनी भोकं तो बदल सांभाळून घेत, ती विखरली की असा स्फटिक त्या वेळी तडकू शकतो. दुसरा नव्हता.

"तडकला तर तुझा प्रबंध गेला," वंग सर म्हणाले.

"आणि नाही तापवला तर?"

"तरी गेलाच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तापव."

"तडकला," काकूंनी विचारलं, "तर तो दोन ठिकाणी राहील का?"

यावर माझ्या वाचनात काही आलेलं नव्हतं. वंग सरांच्याही नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

मी आकडा चढवला. पट्टे गेले, काळोख झाला, आणि या वेळी आम्ही तो तसाच राहू दिला. काकूंनी काळी छत्री उघडून मायक्रोस्कोपवर धरली. जाणाऱ्याला उजेड लागू नये. ट्यूबलाइटचासुद्धा. दुपारी ताईने खाली जाऊन माशाची पेज आणली. काकूंनी एका हाताने खाल्ली, दुसऱ्या हातात छत्री. वंग सरांची मीटिंग होती, ते गेले नाहीत. फोनवर त्यांनी सांगितलं, "प्रयोग चालू आहे." मग जरा थांबून, "हो, पाहुणे आहेत."

ऊन उतरल्यावर मी थंड करायला घेतलं. इतकं हळू, की आकडा बदलतोय हे कुणी शपथेवर सांगितलं नसतं. एकशेतीस. एकशेपंचवीस. काकू नळ्यांना डोळे लावून बसलेल्या, ताईने छत्री धरलेली.

टिक्‌ असा एक आवाज झाला.

"चंद्रकोर," वंग सर लगेच म्हणाले. "माझ्या हातातून पडली." ते दोन्ही चंद्रकोरी हातात चोळत बसले होते.

काकू हलल्या नाहीत. "येताहेत," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "मला हे ओळखू येत नाहीत."

मी वाकून पाहिलं. पट्टे आडवे होते, पातळ, नवखे, शाळेच्या पहिल्या दिवशी रांगेत उभे केल्यासारखे. कोपरा रिकामा. स्फटिक अखंड.

"क्वान-लिन, येतोस?"

हो. हो. हो.

काकूंनी डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांत चंद्रकोरी होत्या.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मी त्यांना पोचवायला गेलो. तिकिटं तीन. मधल्या जागेवर उघडी छत्री. आमच्याकडे गेलेल्या माणसाला घेऊन चाललं की वाटेत सांगत राहावं लागतं, पूल आला, बोगदा आला. नाहीतर तो गोंधळून मागे राहतो. फांगलियाओनंतर दक्षिणेच्या त्या मार्गावर गाडी डोंगरात शिरते आणि मग बोगद्यांशिवाय काही नसतं. काकूंचा आवाज लवकरच बसला.

"तू सांग," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकायचा तो."

दादाने माझं कधीही ऐकलं नव्हतं. तरी मी सांगत गेलो. "बोगदा आला, दादा. संपला. पूल आहे, दादा. पुन्हा बोगदा." डब्यातल्या कुणीही वळून पाहिलं नाही. एक आजोबा माझ्यासोबत पुटपुटू लागले. तिकीट तपासनीस आला, त्याने तीन तिकिटांना भोकं पाडली, छत्रीकडे पाहिलं आणि म्हणाला, "खाण्याची गाडी येतेय. त्यांना पाय आत घ्यायला सांगा."

"दादा, पाय," मी म्हणालो.

शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडलो तर उजवीकडे नुसता समुद्र. काकूंनी छत्री किंचित वर केली, बघता यावं म्हणून.

घरी कौल एका फटक्यात लागला. त्यांनी जेवण वाढलं, एक ताट जास्तीचं. माझ्या दोन्ही खिशांत सीताफळं कोंबून मला स्टेशनवर सोडलं.

परतीची गाडी रिकामीच होती. मी खिडकीशी, शेजारची जागा मोकळी. डोंगर जवळ आला, अंधार झाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बोगदा आला, दादा."

म्हणजे निघून गेलं, एवढंच. दिवसभर तेच म्हणत आलो होतो. तोंड त्या बाजूला टेकलं होतं. मला कुणी दोनशे अंशांवर ठेवलेलं नव्हतं. पण सातव्या महिन्याचा शेवटचा दिवस, दारं लागायची वेळ, आणि मी रिकाम्या जागेकडे तोंड करून, नाव न घेता, कुणाला तरी सोबत चल म्हणून सांगितलेलं. जीभ चावली. पुढचा बोगदा आला तेव्हा विचार केला: न सांगावं तर बिचारं जे कोण असेल ते बोगद्यातच राहायचं. सांगितलं. मग सगळेच सांगितले. आमच्या ताइनान स्टेशनच्या जिन्यावर, पायऱ्या आहेत, हेही सांगितलं.

सकाळी प्रयोगशाळेत गेलो. मायक्रोस्कोपच्या नळ्या एकमेकींपासून लांब सरकलेल्या होत्या, जेवढ्या जातात तेवढ्या. माझं तोंड वाफवलेल्या पावासारखं आहे, पण इतकं नाही. स्टूल पार वर.

मी काकूंना फोन लावला. "एक कौल लावा ना. दादा घरीच आहे का?"

पलीकडे लाकूड फरशीवर पडल्याचा आवाज आला. पुन्हा. पुन्हा.

"आहे की. घरीच आहे," काकू म्हणाल्या. "आत्ता नाश्ता वाढला. का रे?"

मी सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मग तुझ्याबरोबर कोण आलं?"

मी नळ्यांतून पाहिलं, एका वेळी एकच डोळा लावून, कारण दोन्ही पुरत नव्हते. काल-परवाचे आडवे पट्टे जागच्या जागी होते. कोपऱ्यात एक बारीकशी वक्र रेघ उमटू लागली होती.

"जेवलाय का तो?" फोनमधून काकूंनी विचारलं.

मी खिशातलं सीताफळ काढलं, मग आठवलं, हे नैवेद्याला चालत नाही, आणि परत ठेवलं. कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढून मायक्रोस्कोपपाशी आणलं.

"ते कुणाला?" पेइ-रोंगताईने दारातून विचारलं.

"मला," मी म्हणालो. "पहिल्यावर पाहुणे बसलेत."